तीच तीस मुलं

इंदूरची शाळा म्हटली की बाहेरच्या माणसाला डेली कॉलेज आठवतं. संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेली शाळा, शंभरावर एकरांचं आवार, घोडेस्वारीपासून पोहण्यापर्यंत सगळं दाराशी. मी सांगणार आहे ती शाळा तशी नव्हे. ती रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत आहे. पाटी हिंदीत, शिकवणं हिंदीत, आणि मुलांवर ओरडणं मात्र मराठीत. सहावी ते दहावी, पटावर जेमतेम अडीचशे मुलं. आमच्याकडे मध्य प्रदेशात दहावीपर्यंतच्या शाळेला हायस्कूल म्हणतात आणि बारावीपर्यंत असेल तर हायर सेकंडरी. तेव्हा ही शाळा म्हणजे अक्षरशः छोटं हायस्कूल. तिच्या वार्षिक समारंभाच्या समितीवर मी बरीच वर्षं चहा पीत आलो आहे, म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार.

अशा शाळेत खेळ, गाणं आणि बक्षिसं ही तीन खाती वेगळी नसतात. अडीचशेंतून सहावी-सातवीची लहान मुलं वगळा. घरचं दुकान सांभाळणारी वगळा, शाळा सुटताच शिकवणीला पळणारी वगळा. उरतात तीसेक. तीच खो-खोत, तीच समूहगानात, तीच २६ जानेवारीच्या बँडमध्ये, आणि जानेवारीत बक्षिसांच्या टेबलापुढे रांगेत पुन्हा तीच. मोठ्या शाळेत संघाची निवड होते, इथे मुलं वाटून घ्यावी लागतात. ही वाटणी कशी चालते ते टप्प्याटप्प्याने बघू.

आधी मैदान. आमचं पटांगण साधारण ३५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद, एका कोपऱ्यात लिंबाचं झाड. फुटबॉलचा विचारच नको. क्रिकेट इंदूरच्या रक्तात आहे. सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकली, आणि राहुल द्रविडचा जन्मही इथलाच. पण अकरा जणांचं साहित्य, नेट आणि खेळपट्टी लहान शाळेला झेपत नाही, आणि झाडावर अडकलेले चेंडू काढायला शिपाईभैया कुठवर चढणार? खो-खोचं मैदान मात्र २७ मीटर बाय १६ मीटर. पटांगणात ते बसतं आणि भोवती पालकांना उभं राहायला जागाही उरते. साहित्य म्हणजे दोन खांब, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचे, आणि चुना. कबड्डीला मुलींचं मैदान १२ बाय ८, म्हणजे त्याहून सोपं. लहान शाळांच्या ढालींच्या कपाटात हेच दोन खेळ दिसतात, त्याचं कारण परंपरेपेक्षा या मोजमापांत जास्त आहे. तिसरा टेबल टेनिस. अभय प्रशालमुळे शहरात त्याचं वारं आहे, आणि एक टेबल वऱ्हांड्यातही मांडता येतं. आमच्या टेबलावर मात्र मधल्या सुट्टीत डबे उघडतात.

मुलींच्या खो-खो संघाच्या यादीत बारा नावं जातात, मैदानात नऊ उतरतात. पाठलागाच्या वेळी आठ जणी चौकोनांत एकीआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात आणि नववी धावते. बचावाला मुली तिघींच्या तुकड्यांनी आत जातात, आणि त्यांचा क्रम आधीच गुणलेखकाकडे द्यावा लागतो. पहिल्या तुकडीत कोण, यावर खेळाच्या सरांची झोप उडते. चपळ तिघी एकत्र टाकल्या तर पहिली तीन-चार मिनिटं निघतात, पण मागची तुकडी पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळते. मोठ्या शाळेत मागच्या तुकडीतही दम असतो. आमच्याकडे चपळ मुली चारच, म्हणून सर प्रत्येक तुकडीत एकेक विभागून टाकतात आणि चौथीला धावणारी म्हणून राखतात. संघ हरतो, पण लाज वाटेल असा हरत नाही.

आता स्पर्धांची शिडी. देशभरच्या शालेय स्पर्धा स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया चालवते. ती १९५४ची संस्था. गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. आमची शाळा दहावीपर्यंत, म्हणून पहिले दोनच आमचे. वय डिसेंबरअखेर मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलीला डिसेंबरात जन्मलेलीपेक्षा त्याच गटात जवळजवळ एक वर्षाची उंची आणि ताकद जास्त मिळते. सर नवी मुलगी आली की आधी तिची जन्मतारीख विचारतात, नाव नंतर. एक जून आणि एक जुलै या तारखांकडे ते संशयाने बघतात, कारण पूर्वी प्रवेशाच्या वेळी अर्ध्या वर्गाचा वाढदिवस याच दोन दिवशी नोंदवला जात असे.

शिडीच्या पायऱ्या संकुल, विकासखंड, जिल्हा, संभाग, राज्य. वाचक पुण्याचा किंवा नाशिकचा असेल तर इथे त्याने थांबावं. महाराष्ट्रात जिंकणारी शाळाच पुढे जाते. जिल्हा जिंकलेला शाळेचा संघ विभागाला जातो, विभाग जिंकला की राज्याला. मध्य प्रदेशात राज्यस्पर्धेत उतरतो तो संभागाचा संघ. निवड समिती वेगवेगळ्या शाळांच्या खेळाडूंतून तो बांधते. मोठ्या शाळा यावर कुरकुरतात : जिंकलो आम्ही, आणि आमच्यातल्या चौघीच कशा घेतल्या? लहान शाळेला मात्र हीच पद्धत तारते. आमचा संघ जिल्ह्याच्या पुढे जाणं कठीण, पण हरलेल्या सामन्यातही एखादी मुलगी समितीच्या डोळ्यांत भरते. इंदूर संभागात आठ जिल्हे : इंदूर, धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी, खंडवा, बुऱ्हाणपूर. तिकडच्या आदिवासी वसतिगृहांतल्या मुली वाऱ्यासारख्या धावतात, आणि आमची शहरी मुलगी त्यांच्याबरोबर आठवडाभर शिबिरात राहिली की तिची भाषा आणि पाय दोन्ही सुधारून परत येतात.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण संघ मैदानापेक्षा टेबलावरच जास्त बाद होतात. पात्रता-अर्जावर फोटो आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का. शिवाय जन्मदाखला, आधार, शाळेच्या रजिस्टरातला स्कॉलर नंबर, आणि आमच्या राज्याची खासियत म्हणजे समग्र आयडी हा रहिवाशांचा ओळखक्रमांक. चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. मराठी आडनावांची इथे फार कुतरओढ होते. ‘ळ’ला इथल्या कारकुनाकडे जागा नाही, म्हणून एकीचं आडनाव एका कागदावर काळे आणि दुसऱ्यावर काले. एका वर्षी आमची सर्वांत चांगली धावणारी याच पायी बाकावर बसून राहिली. तेव्हापासून जूनमध्ये शाळा उघडली की सर मुलींना आधी कागद आणायला लावतात, धावायला नंतर.

खेळाचा हंगाम जुलै-ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, आणि गाण्याची तयारी याच काळात. गाठ पडते ती इथे. खो-खोत उठवताना मागून पाठीवर हात लागला पाहिजे आणि ‘खो’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे. पंचांना ऐकू गेला नाही तर फाऊल. म्हणजे या खेळात गळा हेही साहित्यच आहे. दोन तासांच्या सरावात मुलगी किती वेळा ‘खो’ ओरडते ते मोजायला बसू नका, संगीताच्या बाईंनी मोजलं आहे आणि तो आकडा त्या भांडणात वापरतात. कारण पाठलागातली पहिली मुलगी आणि समूहगानातला मुख्य आवाज ही गेली तीन वर्षं एकच मुलगी होती. सोमवारी तिचा ‘सा’ लागायचा, गुरुवारी नुसती हवा यायची.

तोडगा निघाला तो असा. गाण्याचा सराव सकाळी प्रार्थनेआधी पस्तीस मिनिटं, खो-खो शाळा सुटल्यावर. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सर सरावात तोंडी ‘खो’ बंद करतात आणि नुसता हात लावायला सांगतात. खेळाच्या दृष्टीने ही सवय वाईट, हे त्यांनाही कळतं. पण बाईंनीही बदल्यात जिल्हा स्पर्धेच्या आठवड्यात एकही तालीम घ्यायची नाही असं कबूल केलं आहे. हा करार लेखी नाही, पण शाळेच्या घटनेपेक्षा जास्त पाळला जातो.

आता गाणं. समूहगान बसवताना पहिला प्रश्न स्वरपट्टीचा. मुली पेटीवर काळी चार, काळी पाच अशा पट्टीत मोकळ्या गातात. सहावी-सातवीचे मुलगेही त्याच पट्टीत गातात, कारण तोवर आवाजात फरक नसतो. आठवीत आवाज फुटायला लागतो. गळ्यातलं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. पण ते एका रात्रीत होत नाही. सहा महिने, कधी वर्षभर, मधल्या काही स्वरांवर आवाज घसरतो. मुलगा वरचा सूर लावायला जातो आणि मांजर निघतं, वर्ग हसतो, आणि तो गटातून नाव काढून घेतो. लहान शाळेला ही गळती परवडत नाही, कारण मुलग्यांमध्ये गाणारे असतात चार.

बाई अशा मुलाला घरी पाठवत नाहीत. पहिली सोय म्हणजे तो मुलींच्या बरोबर त्याच ओळी गातो, पण एक सप्तक खाली. ऐकणाऱ्याला ते एकच गाणं वाटतं, उलट खालून भक्कम आधार मिळतो. अडचण येते ती मधल्या काळात, जेव्हा वरचं सप्तक गेलेलं असतं आणि खालचं आलेलं नसतं. तेव्हा त्याला जे चार-पाच स्वर पक्के लागतात तेवढ्यातच बसेल असा एक धरलेला सूर देतात. ध्रुवपदाच्या खाली नुसता ‘सा’ किंवा ‘प’. मुलाला वाटतं आपल्याला खास काम मिळालं, आणि खरंच ते खासच असतं. काहीच जमलं नाही तर टाळ किंवा खंजिरी. ताल सुटत नाही आणि नाव यादीत राहतं. पट्टी ठरवताना बाई मुलींना थोडं खाली आणतात, काळी चारवरून पांढरी चार किंवा पाचपर्यंत. त्याहून खाली गेलं की मुलींच्या आवाजातला उजेड जातो. लता मंगेशकरांचा जन्म याच गावातला, १९२९चा. त्यामुळे इथल्या प्रत्येक बाईंना आणि प्रत्येक आईला वरची पट्टीच खरी वाटते. तेव्हा अर्धा सूर खाली उतरवण्यावर काय भांडण होतं ते मी ऐकलं आहे. राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार १९८४पासून दिला जातो. पहिला मान नौशाद यांना मिळाला. तो सोहळा इंदुरात होतो. आमच्या शाळेतल्या मुली तो बघायला जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याच एक सूर वर गातात.

गाण्याच्या वाटा तीन. एक कला उत्सव, केंद्र सरकारने २०१५ला सुरू केलेला, नववीपासून पुढच्या मुलांसाठी. दुसरी बालरंग, ज्याचं मोठं संमेलन भोपाळला मानव संग्रहालयाच्या डोंगरावर भरतं. तिथे लोकनृत्यांना जास्त मान आहे. तिसरी वाट परीक्षांची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा वर्षातून दोनदा घेतं. त्यातलं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे नेमकं राज्यस्पर्धांच्या सुमाराला. पुण्यातल्या मावसबहिणीला अशा शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे, खेळाचे आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएटचेही दहावीत वाढीव गुण मिळतात. चित्रकलेला अ श्रेणी असेल तर सात. आमच्या मुली हे दिवाळीत ऐकून येतात आणि समितीला जाब विचारतात. समिती चहा मागवते.

बँडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २६ जानेवारीला जिल्ह्याचा मुख्य समारंभ बहुधा नेहरू स्टेडियमवर असतो. तिथे मोठ्या शाळांची पथकं ब्रास घेऊन उतरतात. आमच्याकडे दोन साइड ड्रम, एक बास ड्रम, झांज, आठ बासऱ्या आणि एक बिगुल. बिगुलाला झडपा नसतात, म्हणून त्यावर मोजून पाच-सहाच सूर निघतात. सरळ धून वाजवता येत नाही. तो फक्त इशाऱ्याला. सगळी धून बासऱ्यांवर, आणि हिवाळ्याच्या सकाळी बासरी गार पडून सूर उतरतो. म्हणून मुलं रांगेत उभी असताना बासऱ्या स्वेटरच्या आत धरतात. बास ड्रमचा ठोका डाव्या पायावर पडायला हवा. एवढं एक सांभाळलं की बाकीचं लोक माफ करतात. बास ड्रमला शाळेतला सर्वांत जाड मुलगा नव्हे, सर्वांत शांत मुलगा लागतो. घाबरला की मुलाचा हात पळतो, आणि हात पळाला की मागची सगळी रांग पळते.

राहिली बक्षिसं, आणि खरी मजा इथेच. आमच्या शाळेत चाळीसच्या वर स्मृतिबक्षिसं आहेत. गणितात पहिली येणाऱ्या मुलीला अमक्यांच्या आईच्या नावे, मराठी वाचनाला तमक्यांच्या आजोबांच्या नावे, उत्तम खेळाडूला एका माजी शिक्षकांच्या नावे. यांचं यंत्र साधं आहे. दात्याने एकदा रक्कम दिली, ती मुदत ठेवीत गेली, मुद्दलाला हात लावायचा नाही, दरवर्षीच्या व्याजातून बक्षीस. समजा १९९२मध्ये कोणी दोन हजार दिले. तेव्हा ठेवीवर अकरा टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला २२० रुपये. त्यात स्टीलचा डबा आणि जाड शब्दकोश येत असे. आज साडेसहा टक्क्यांनी त्याच दोन हजारांचे होतात १३०. त्यात पेन येतं, तेही खोक्याशिवाय. नाव मात्र तेवढंच लांब वाचावं लागतं : कैलासवासी, सौभाग्यवती, यांच्या स्मरणार्थ, यांजकडून. बक्षीस लहान आणि घोषणा मोठी, असा प्रकार होतो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. दात्यांच्या घरी पत्रं पाठवली : मुद्दल वाढवाल का? निम्म्यांनी वाढवलं. काहींची मुलं अमेरिकेत, त्यांनी इतकं वाढवलं की आता भूगोलाचं बक्षीस गणितापेक्षा मोठं आहे, आणि त्यावर गणिताच्या सरांचं मत विचारू नये. ज्यांचा पत्ताच सापडला नाही अशा ठेवींचं व्याज एकत्र केलं आणि त्यातून दरवर्षी एक मोठं बक्षीस काढलं. त्या प्रमाणपत्रावर सगळी नावं छापली जातात, बारा.

दुसरा प्रश्न तीच तीस मुलं. एका वर्षी एका मुलीला नऊ बक्षिसं मिळाली. पाचव्यापर्यंत टाळ्या होत्या, सहाव्याला बायका पदर सारखे करू लागल्या, आठव्याला तिची स्वतःची आई खाली बघत होती. त्यानंतर नियम झाला. मोठी बक्षिसं एका मुलाला फार तर दोन, कोणती ते मुलानेच निवडायचं, बाकीची पुढच्या क्रमांकाला, पण प्रमाणपत्रावर ‘प्रथम’ हा शब्द ज्याचा त्याचाच. हे मला पटतं. सगळ्यांना एकेक कप वाटायची टूम मात्र मला अजिबात पटत नाही. कप न मिळालेल्या मुलाला ते कळतंच, आणि मिळालेल्यालाही कळतं. सदनांच्या ढालीलाही अशीच वेसण आहे. मल्हार, अहिल्या, यशवंत, तुकोजी अशी चार सदनं, पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. एकच वेगवान मुलगा सगळ्या शर्यती पळून ढाल एकट्याने नेऊ शकतो, म्हणून वैयक्तिक शर्यती तीनच, वर रिले.

बाहेरून येणारे मान वेगळे. आठवीत राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ती निघाली तर नववीपासून चार वर्षं दरसाल बारा हजार. विज्ञानाच्या कल्पनेला इन्स्पायर-मानकचे दहा हजार. खेळात राज्य सरकारचा एकलव्य पुरस्कार कनिष्ठ खेळाडूंना आणि विक्रम पुरस्कार मोठ्यांना. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धांतही पुरुषांना एकलव्य पुरस्कार असतो, तो निराळा. मुलींना चौदाखाली ‘इला’, अठराखाली ‘जानकी’. आमच्या पोरींना ही नावं पाठ आहेत. मिळवायचं कोणाला अजून जमलेलं नाही.

गेल्या समारंभाला बक्षिसांचं टेबल नेहमीप्रमाणे मंचाच्या डावीकडे लावलं होतं, क्रमाने, चिठ्ठ्या लावून. पाहुण्यांच्या शेजारी उभं राहून वस्तू पुढे सरकवायचं काम माझं. उत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारलं, मुलगी आली नाही. पुन्हा पुकारलं. पाहुणे ढाल हातात धरून प्रेक्षकांकडे बघत हसत राहिले. शेवटी कोणीतरी विंगेत डोकावलं. ती साडी नेसून, केसांत गजरा माळून खाली बसली होती आणि पुढच्या समूहगानासाठी तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारून सूर चढवत होती. घसा बसलेला, म्हणून त्या दिवशी गाणं दुसरीकडे आणि तबला तिच्याकडे. हातातली हातोडी न ठेवताच ती मंचावर आली. पाहुण्यांनी ढाल पुढे केली, तर घ्यायला तिचा एकच हात मोकळा.